ओसरीवरचं कापड : ऊन, पाऊस आणि सणवार

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय ठरलेले असतात: झोपाळ्याची गादी, गॅलरीचे पडदे, ताडपत्री आणि लगोलग गणपती-दिवाळीची सजावट. या वेळी कापडाविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी आधी रंग विचारला आहे. उत्तरांत रंग मागे पडेल, कारण त्या जागेवर ऊन किती तास राहतं, पाणी कुठून येतं आणि आलेलं पाणी जातं कुठून, हे कळल्याशिवाय रंगाला अर्थ नाही.

प्रश्न : ओटीवर पाच फुटी झोपाळा आहे. वर छप्पर आहे, पण आडव्या पावसात तो भिजतो. दोन वर्षांपूर्वी मुद्दाम वॉटरप्रूफ कापडाचं कव्हर शिवून घेतलं. तरी गादीला कुबट वास येतो आणि खालच्या बाजूला काळे ठिपके पडलेत. सासूबाईंचा सगळा दिवस झोपाळ्यावर जातो, त्यामुळे गादी काढून ठेवणं जमत नाही. कापड खोटं निघालं का? (वाचक भगिनी, दापोली)

कापड खरं असेल, पण गादीची रचना चुकली आहे. अशा कव्हरात पाणी कापडातून येत नाही, शिवणीतून येतं. सुई जिथे जिथे टोचते तिथे एक भोक पडतं. ३ मिलिमीटरची टीप धरली तर मीटरमागे सव्वातीनशेच्या वर भोकं होतात. पाच बाय दोन फुटांच्या गादीला वरची-खालची मिळून साधारण साडेआठ मीटर शिवण असते, म्हणजे पावणेतीन हजारांहून अधिक भोकं. त्यातून आत गेलेलं पाणी स्पंजमध्ये बसतं आणि तेच वॉटरप्रूफ अस्तर त्याची वाफ बाहेर पडू देत नाही. पाण्याला यायची वाट आहे, जायची नाही. साध्या सुती खोळीतली गादी भिजते आणि उन्हं आली की वाळते. तुमची गादी जूनमध्ये भिजते आणि दसऱ्यापर्यंत आतून ओलीच राहते.

म्हणून पाणी अडवण्याचा नाद सोडा आणि ते लवकर निघून जाईल असं बघा. वरचं कापड थोडी हवा खेळू देणारं हवं. सगळ्यांत चांगलं म्हणजे डोप-डाइड (धागा बनतानाच रंग मिसळलेलं) अ‍ॅक्रिलिक, साधारण ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). ते महाग वाटलं तर बाहेरच्या वापरासाठी विणलेलं पॉलिस्टर चालेल, मात्र त्याला आतून रबरासारखा थर नको. तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा थोडी पलीकडे गेली तर घ्या, अजिबात जात नसेल तर गादीसाठी नको. खालच्या बाजूला कापड नकोच. तिथे पॉलिस्टरची जाड जाळी लावा, म्हणजे पाणी फळीच्या फटींतून गळून जाईल. झोपाळ्याची फळी अखंड असेल तर तिला दर ८-९ इंचांवर १० मिलिमीटरची भोकं पाडून घ्या.

साधा स्पंज पाणी धरून ठेवतो. त्याऐवजी रेटिक्युलेटेड फोम मागा. त्याच्या छिद्रांमधले पातळ पडदे काढून टाकलेले असतात, त्यामुळे ओतलेलं पाणी खालून सरळ निघतं. लहान गावात तो मिळेलच असं नाही. मग पॅकिंगसाठी वापरतात त्या पांढऱ्या ईपीई फोमचे २५ मिलिमीटरचे तीन थर घाला. तो पाणी पीतच नाही. बसायला थोडा कडक लागतो आणि दोनेक वर्षांत चपटा होतो, पण त्याला बुरशी सहजी धरत नाही. सासूबाईंसाठी त्यावर एक पातळ सुती गोधडी घाला, ती रोज उचलून वाळत टाकता येते.

मापं अशी. गादी ६० बाय २४ इंच, जाडी ३ इंच. ५४ इंच पन्ह्याच्या कापडातून वरचा भाग ६२ बाय २६ इंच कापा, म्हणजे चहूबाजूंनी इंचभर दाब राहील. शेजारी २८ इंच कापड उरतं. त्यातून बाजूच्या पट्ट्यांसाठी ५ इंच रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. बाजूचा घेर १६८ इंच भरतो, म्हणून जोड आणि चेनसाठी कापड पुरून उरतं. एकूण पावणेदोन मीटर आणा, पाइपिंग हवी असेल तर दोन मीटर. जाळी ६ फूट पन्ह्याची मिळाली तर पाऊण मीटर पुरे. चेन प्लास्टिकच्या दातांची घ्या, ती मागच्या लांब बाजूला लावा आणि तिच्यावर इंचभर झाकण सोडा. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापला तर कव्हर ताठ बसतं. सैल कव्हराच्या सुरकुत्यांत पाणी साचतं.

आता दोरा, जो शिंपी हमखास घरातला वापरतो. सुती दोरा एका पावसाळ्यात कुजतो आणि नायलॉनचा उन्हाने ठिसूळ होतो. कापड धडधाकट असताना शिवण उसवते ती बहुधा यामुळेच. जाड पॉलिस्टर दोरा, १६ नंबरची सुई आणि ३ ते ४ मिलिमीटरची टीप सांगा. बारीक टीप मजबूत असते हा गैरसमज आहे. जवळजवळ टोचे पडले की टपालाच्या तिकिटासारखं कापड तिथेच फाटतं.

प्रश्न : आमच्या सपरीला (घरापुढच्या पडवीला) पश्चिमेचं ऊन आहे. ‘यूव्ही प्रोटेक्टेड’ म्हणून घेतलेले लाल-केशरी पडदे मे महिना संपेपर्यंत गुलाबी झाले. रंग न उडणारं कापड असतं का? (एक वाचक, नागपूर)

पूर्ण न उडणारं नसतं. पण एका उन्हाळ्यात विटणारं आणि काही वर्षं टिकणारं असा फरक नक्की असतो, आणि तो रंग कधी चढवला यावर ठरतो.

बाजारातलं बहुतेक कापड आधी पांढरं विणतात आणि मग रंगवतात किंवा छापतात. रंग धाग्यावर बाहेरून चढलेला असतो. डोप-डाइड प्रकारात धागा तयार होण्याआधीच, प्लास्टिक पातळ असताना त्यात रंगद्रव्य मिसळतात. हळकुंड मोडलं तरी आत पिवळंच दिसतं, तसा हा धागा आरपार रंगीत असतो. दुकानात कडेचा एक धागा ओढून काढा आणि नखाने पीळ उलगडा. आतला भाग किंवा विणीत दुसऱ्या धाग्याखाली दबलेला ठिपका फिका दिसला तर रंग वरवरचा आहे. छापील कापडाची उलटी बाजू फिकी असते, तिथे धागा उलगडायचीही गरज नाही. आरपार रंग दिसला म्हणजे ते डोप-डाइडच असेल असं नाही, पण फिकं दिसलं तर नक्की नव्हे.

‘यूव्ही प्रोटेक्टेड’ या शब्दांना आकड्याशिवाय किंमत नाही. उन्हातल्या रंगाच्या टिकाऊपणासाठी ब्लू वूल नावाचं १ ते ८ असं माप आहे. ८ म्हणजे सर्वांत पक्का, आणि प्रत्येक पायरीला टिकाऊपणा ढोबळमानाने दुप्पट होतो. घरातल्या पडद्याला ४-५ पुरतात. नागपूरच्या पश्चिम उन्हात ७च्या खालचं घेऊ नका. दुकानदाराला आकडा माहीत नसेल तर वीतभर तुकडा आणा, अर्ध्यावर पुठ्ठा बांधा आणि एप्रिल-मेमध्ये चार आठवडे गच्चीवर ठेवा. पुठ्ठा काढल्यावर मधली रेघ स्पष्ट दिसली तर ते कापड सोडून द्या. लाल-केशरी हवाच असेल तर तो दिवाळीच्या पंधरा दिवसांसाठी ठेवा, बारमाही पडद्याला राखाडी, मातकट किंवा बदामी बरा.

आणि खरं सांगायचं तर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सपरीच्या पश्चिमेला वाळ्याच्या ताटीसारखं दुसरं काही नाही. पाणी मारलं की बाष्पीभवनाने हवा थंड होते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय चालत नाही, तिथे ताटी नुसती ओली राहते. ताटीच्या बाहेर शेडनेट लावायची असेल तर ७५ टक्क्यांची पुरे. टक्के म्हणजे जाळी किती उजेड अडवते ते. ९० टक्क्यांची लावली तर दुपारी सपरीत दिवा लावावा लागेल. हिरव्या जाळीखाली माणसांचे चेहरेही हिरवट दिसतात, म्हणून पांढरी किंवा बदामी शोधा.

प्रश्न : गणपतीत गॅलरीत लाल-पिवळ्या कापडाची आरास करतो. गेल्या वर्षी पावसाच्या तुषारांनी लाल रंग उतरून भिंत आणि पाटावरचं पांढरं वस्त्र रंगलं. मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं ऐकलं आहे. (वाचक भगिनी, पुणे)

होत नाही. गिरणीत रंगवताना मीठ वापरतात, काही रंगांना आम्लही लागतं, त्यातून हा समज आला असावा. रंगवून बाजारात आलेल्या कापडातला सुटा रंग त्याने बसत नाही. तो फक्त धुवून काढता येतो, म्हणजे पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. तरीही गडद लाल सुती कापडाचा भरवसा धरू नका.

कापायच्या आधी तपासणी करा. ४ इंचांचा चौकोन ओला करा, दोन पांढऱ्या रुमालांत ठेवा, वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून चार तास सोडा. रुमालावर छटा आली तर ते कापड भिंतीपासून आणि मूर्तीपासून लांब, आतल्या बाजूला वापरा. क्रेप कागदाची फुलं या परीक्षेत नेहमीच नापास होतात. चांगल्या पॉलिस्टर सॅटिनचा रंग सहसा उतरत नाही, शिवाय ते दोन तासांत वाळतं. मखमल मात्र पाणी धरते आणि ओली झाली की वजनाने खाली ओघळते.

कापड नेहमी कमी पडतं, म्हणून हिशेब देतो. ८ फूट रुंद, ६ फूट उंच मागच्या पडद्याला चुण्या बऱ्या दिसायला दुप्पट रुंदी लागते, म्हणजे १९२ इंच. ४४ इंच पन्ह्याच्या पाच लांबी घ्याव्या लागतात. वरची नळी आणि खालची दुमड धरून प्रत्येक लांबी ८२ इंच. एकूण साडेदहा मीटर. खालच्या दुमडीत बारीक साखळी किंवा जाड सुतळी घाला, नाहीतर वाऱ्याने कापड समईवर येईल. पॉलिस्टर वितळून जळते थेंब पडतात, त्यामुळे समई-निरांजनाच्या वर काहीही लोंबतं नको आणि बाजूंनाही दोन हात जागा मोकळी हवी. हॅलोजन दिवा कापडाजवळ लावूच नका.

प्रश्न : दुकानात सगळ्याच जाड कापडाला ‘कॅनव्हास’ म्हणतात. नेमकं कशाचं आहे हे घरी कसं ओळखायचं? (एक वाचक, सातारा)

आधी पाणी. कडेचे थोडे धागे साबणाच्या थेंबभर पाण्यात चोळून हवा काढा आणि वाटीत टाका. पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलकं असतं, ते तरंगतं. पॉलिस्टर, अ‍ॅक्रिलिक आणि सुती बुडतात.

मग जाळ. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात चार-पाच धागे धरून, खिडकी उघडी ठेवून. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर ज्योतीपासून आखडतं, वितळतं, काळा धूर देतं आणि शेवटी टणक गोल मणी उरतो. अ‍ॅक्रिलिक भडकून जळतं, वास झोंबतो आणि मणी वेडावाकडा होतो. पॉलिप्रोपिलीनला मेणबत्तीचा वास येतो. राखही झाली आणि मणीही उरला तर कापड मिश्र आहे.

ओळखून करायचं काय? सुती कॅनव्हास दिसायला देखणा, पण तो आटतो आणि दमट हवेत बुरशी धरतो, म्हणून साताऱ्याच्या कोरड्या महिन्यांपुरता ठीक. पॉलिप्रोपिलीनला पाण्याचं वावडं नाही, चटया आणि सतरंज्या त्याच्या उत्तम होतात, पण इस्त्री लावलीत तर संपलं. ते १६०-१६५ अंशांला वितळतं. ‘६०० डी’ म्हणून मिळणारं बॅगांचं कापड पॉलिस्टरचं असतं आणि त्याला आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर असतो. गरम-दमट हवेत तो थर आधी चिकट होतो, मग पापुद्र्यांनी सुटतो. सामान झाकायला चालेल, बसायला नको. रेक्झिन उन्हात राहिलं की त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उडून जातं आणि ते तडकतं. उघड्यावर ते दोन उन्हाळ्यांचं सोबती समजा.

प्रश्न : मडगावला जुनं घर आहे. बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) दगडी सोप्यांवर, म्हणजे बाकांवर, चवथीला गाद्या घालतो. गाद्या कधी पूर्ण सुकल्यासारख्या वाटतच नाहीत, आणि पडद्याच्या रिंगांचे गंजाचे डाग पडले आहेत. (वाचक, गोवा)

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ कापडात बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. पाऊस नसतानाही हाताला सर्द लागतं ते त्यामुळे. असं कापड नुसतं उन्हात टाकून उपयोग नाही, आधी साध्या पाण्याने मीठ धुऊन काढा. वापर असेल तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याची एक धार पुरते, साबणाची गरज नाही.

सोप्याच्या दगडावर गादी थेट घालू नका. खाली लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा प्लास्टिकची काथ्यासारखी चटई हवी, म्हणजे बोटभर हवा खेळेल. रिंगा पितळी किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. ३०४ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत ठिपके धरतं आणि मुलामा दिलेल्या लोखंडी रिंगा एका पावसातच उघड्या पडतात. गंजाच्या डागावर ब्लीच घातलंत तर डाग अधिक घट्ट बसेल. लिंबू-मीठ लावून पाहा आणि तासाभराने धुवा. पण त्याच दिवशी त्याच कापडावर ब्लीच वापरू नका, आम्लाशी मिसळलं की विषारी वायू सुटतो. चिऱ्याच्या तांबड्या मातीचे शिंतोडे ओले असताना पुसू नयेत. वाळू द्या आणि कुंचल्याने झटका.

प्रश्न : पावसाळ्यात गॅलरीला निळी ताडपत्री लावतो. दर वर्षी ऑगस्टपर्यंत चिंध्या होतात. किती जाडीची घ्यावी? (वाचक, ठाणे)

किमान २०० जीएसएम, वारा सरळ येत असेल तर २५०. स्वस्त निळी ताडपत्री १००च्या आसपासची असते. पण नुसती जाडी वाढवून भागणार नाही, कारण ती फाटते ती बांधण्यामुळे. चारही कोपरे ताणून गजांना आवळले की प्रत्येक झोताचा झटका रिंगेवर येतो. रिंग आणि दोरी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधा, तो झटका खातो. रिंगा दर दीड-दोन फुटांवर हव्यात.

उतार पाच फुटांना एक फूट ठेवा. मध्ये झोळ पडला आणि एक चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन ५० किलो होतं. गज वाकतात ते यामुळेच. ताडपत्री ग्रिलच्या धारेला घासते तिथे जुना पाइप चिरून बसवा.

कोकणात ओट्याला माडाच्या झापांची झड बांधत आले आहेत. तिच्यातून वारा थोडा जातो, म्हणून ती वाऱ्याशी झुंजत नाही. गॅलरीच्या फक्त खालच्या भागाला ताडपत्री आणि वर ७५ टक्क्यांची शेडनेट लावली तर तुम्हालाही तेच साधेल. शेडनेटने तुषार बरेच अडतात, आणि चार महिने खोलीत अंधारही होत नाही.

प्रश्न : पाणी झटकणारा स्प्रे कितपत चालतो? (वाचक भगिनी, नाशिक)

स्वच्छ, वाळलेल्या कापडावर चालतो. पाणी थेंब होऊन घरंगळतं तोवर तो शाबूत आहे. पसरून मुरायला लागलं की पुन्हा मारायचा. साबणाचा अंश राहिला तर तो धरत नाही, म्हणून धुतल्यावर दोन पाणी जास्त द्या. मुसळधार पावसापुढे हा स्प्रे टिकत नाही, चहा सांडला किंवा तुषार आले तर पुरतो. सुती कॅनव्हाससाठी जुना स्वस्त उपाय म्हणजे कापड आधी साबणाच्या कोमट द्रावणात भिजवायचं, न धुता पिळून वाळवायचं आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं. धाग्यात पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. धुण्याची पावडर नको, वडीचा साबण लागतो.

प्रश्न : न्यू जर्सीत नवीन घर घेतलं आहे, पुढे मोठा पोर्च आहे. ऑक्टोबरात भोपळे, मग दिवाळी, मग बर्फ. प्रत्येक वेळी सगळं कापड बदलणं परवडत नाही. आईने पाठवलेल्या जुन्या पैठणीचं तोरण आणि खणाच्या उशाही लावायच्या आहेत. (वाचक भगिनी)

बदलायचं ते कमीत कमी ठेवा. खुर्च्यांच्या गाद्या आणि पडदे एकाच शांत रंगात, चांगल्या डोप-डाइड अ‍ॅक्रिलिकचे घ्या. तिथल्या दुकानांत सनब्रेला हे नाव दिसेल. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्लेन रेव्हन कंपनीचं हे कापड १९६१पासून छत्र्या-चांदव्यांसाठी बनतं आहे. खर्च इथे करा. ऋतूंची सगळी हौस उशांच्या अभ्र्यांवर भागवा, त्यांना कापड फार लागत नाही. १६ इंची उशीला पाकिटासारख्या मागून उघड्या अभ्र्यासाठी पुढचा तुकडा १७ बाय १७ आणि मागचे दोन १७ बाय १२. ४४ इंच पन्ह्यात तिन्ही शेजारी शेजारी बसतात. सहा उशांना पावणेतीन मीटर पुरतं. भोपळी, मरून, मग डिसेंबरात गडद हिरवा, असे तीन संच केले तरी सव्वाआठ मीटर.

खणाच्या उशा पोर्चवर चालतील, पण दिवाळीच्या संध्याकाळपुरत्या. पाहुणे गेले की आत. पैठणीचं तोरण दाराच्या आतल्या चौकटीला लावा. रेशीम उन्हाने कुजतं आणि जरीचा काठ ओलीने काळवंडतो, हे तिथेही बदलत नाही.

पानगळीची ओली पानं गादीवर रात्रभर राहिली तर त्यांतला तपकिरी रस उतरतो, म्हणून रोज झटका. भोपळा पायपुसण्यावर थेट ठेवू नका. तो खालून सडायला लागल्याचं कळेपर्यंत डाग पक्का झालेला असतो, त्यामुळे खाली ताटली हवी. पहिल्या कडक थंडीआधी गाद्या आत घ्या. फोममधलं पाणी गोठून फुगलं की त्याची छिद्रं फाटतात, आणि प्लास्टिकचा थर असलेलं आच्छादन गारठ्यात घडी घालताना तडकतं. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जुन्या चादरीत गुंडाळा आणि त्याआधी दोन दिवस घरात उभ्या ठेवून वाळवा.

प्रश्न : बाहेरच्या गाद्यांवर बुरशीचे ठिपके आलेच तर? (अनेक वाचक)

बुरशी कृत्रिम धागा खात नाही, त्यावरची धूळ, तेल, सांडलेला चहा खाते. म्हणून आधी कोरड्या कुंचल्याने झाडा, घराबाहेर आणि नाकाला रुमाल बांधून. डोप-डाइड अ‍ॅक्रिलिकला ब्लीच चालतं: ४ लिटर पाण्यात एक कप (२४० मिलिलिटर) साधं ब्लीच आणि पाव कप सौम्य पातळ साबण. ओतून १५ मिनिटं ठेवा, मऊ कुंचल्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि सावलीत वाऱ्यावर वाळवा. रबरी हातमोजे घाला. ब्लीचमध्ये दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका.

छापील पॉलिस्टर, सुती किंवा खण यांना हे द्रावण लावलंत तर डागाबरोबर रंगही जाईल. त्यांना कोमट साबणाचं पाणी आणि दिवसभराचं ऊन द्या. त्याने ठिपके फिके होतात, सुतीवरचे पूर्ण जात नाहीत.

प्रश्न : जुन्या सोलापुरी चादरी ओसरीवर अंथरल्या तर चालतील का? (वाचक, बार्शी)

बेलाशक. रात्री आत घ्या.